ताहितीचे स्वप्न आणि श्रीरामपूरचा छापखाना

मराठी मुद्रणाचा इतिहास सांगणारे कोणतेही पुस्तक उघडले, तर सुरुवातीच्या पानांतच विल्यम केरी हे नाव भेटते. १८०५ मध्ये त्यांनी लिहिलेले मराठी भाषेचे व्याकरण छापून निघाले आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी शब्दकोश आला. ही पुस्तके मुंबईत किंवा पुण्यात छापली गेली नाहीत. कोलकात्याजवळ, हुगळीच्या काठी, तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात असलेल्या श्रीरामपूर या गावी ती छापली गेली. (आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूरशी या गावाचा नावापलीकडे काही संबंध नाही.) केरी यांनी महाराष्ट्रात कधी पाऊल ठेवले नाही. एवढेच काय, बंगालमध्ये येण्याचाही त्यांचा मूळचा विचार नव्हता. त्यांना जायचे होते ते दक्षिण समुद्रातील ताहिती बेटावर, आणि त्याहीपूर्वी, लहानपणी, त्यांना माळीकाम करायचे होते.

इंग्लंडमधील नॉर्दम्प्टनशायर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात १७ ऑगस्ट १७६१ रोजी विल्यमचा जन्म झाला. वडील एडमंड हातमागावर कापड विणत. पुढे ते गावच्या शाळेत मास्तर झाले. मुलाला झाडाझुडपांचे, किड्यापाखरांचे विलक्षण वेड. घरातील त्याची खोली पक्षी, कीटक आणि रोपट्यांनी भरलेली असे. अशा मुलाने शेतात वा बागेत काम करावे हे सरळच होते. परंतु त्याला त्वचेचा असा विकार जडला, की उन्हात थोडा वेळ काम केले तरी अंगाची आग होऊन तो रात्र रात्र तळमळे. अखेर वडिलांनी त्याला जवळच्या पिडिंग्टन गावातील एका चांभाराकडे उमेदवारीला ठेवले. छपराखाली बसून करायचे काम, उन्हाशी संबंध नाही, एवढाच त्यामागचा हिशेब होता.

या चांभाराच्या दुकानात केरींचे दुसरे आयुष्य सुरू झाले. एका बाजूला जोडे शिवणे आणि दुसऱ्या बाजूला लॅटिन, ग्रीक, हिब्रू, डच, फ्रेंच अशा भाषा हाताला लागेल त्या पुस्तकावरून शिकणे हा त्यांचा क्रम बनला. १७८१ मध्ये डोरोथी प्लॅकेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. डोरोथी वयाने त्यांच्यापेक्षा काही वर्षांनी मोठ्या होत्या; त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते आणि लग्नाच्या नोंदवहीत त्यांनी सहीऐवजी फुली मारली होती. दोन वर्षांनी केरींनी बॅप्टिस्ट पंथाचा बाप्तिस्मा घेतला आणि १७८५ मध्ये ते मौल्टन गावी शाळामास्तर व नंतर धर्मोपदेशक झाले. उत्पन्न इतके तुटपुंजे, की जोडे शिवणे काही सुटले नाही.

मौल्टनमध्येच कॅप्टन कुकच्या सागरी सफरींची वर्णने त्यांच्या हाती आली. दूरदूरची बेटे, तेथील माणसे, त्यांच्या चालीरीती यांनी या चांभार-मास्तराच्या मनाचा कब्जा घेतला. कागद चिकटवून त्यांनी जगाचा एक मोठा नकाशा तयार केला आणि भिंतीवर टांगला. प्रत्येक देशाची लोकसंख्या, धर्म, मिळेल ती माहिती ते त्यावर टिपत. या सर्व लोकांपर्यंत ख्रिस्ताचा संदेश पोहोचवणे हे आपले काम आहे, आणि देवाची आपल्याकडून तीच अपेक्षा आहे, अशी त्यांची पक्की धारणा झाली. १७९२ मध्ये त्यांनी या विषयावर एक पुस्तिका लिहिली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग येथे एका घरच्या बैठकीत बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. जमलेल्या मूठभर मंडळींनी कबूल केलेल्या वर्गणीची बेरीज झाली १३ पौंड, २ शिलिंग आणि ६ पेन्स. एवढ्या भांडवलावर केरी ताहितीची स्वप्ने पाहत होते.

येथे जॉन थॉमस नावाच्या गृहस्थाचा प्रवेश होतो. थॉमस हे शल्यचिकित्सक. जहाजावर नोकरी करत बंगालमध्ये जाऊन आलेले, बंगाली थोडेफार जाणणारे, मनाने उदार आणि पैशाच्या बाबतीत पूर्णतः बेभरवशाचे. त्यांना बंगालमध्ये परतायचे होते आणि सोबती हवा होता. सोसायटीने जानेवारी १७९३ मध्ये विचार केला : ताहितीला ओळखीचे कोणी नाही, बंगालला निदान वाट दाखवणारा माणूस आहे. निर्णय बंगालच्या बाजूने लागला. इतक्या वर्षांचा नकाशा, इतके वाचन, सगळे एका बैठकीत बाजूला पडले. केरींनी त्यावर वाद घातल्याची नोंद नाही. सहकाऱ्यांच्या निर्णयातून देवच बोलला, असे मानून त्यांनी होकार दिला. ताहितीला पुढे १७९७ मध्ये दुसऱ्या संस्थेचे मिशनरी ‘डफ’ नावाच्या जहाजाने पोहोचले. तोवर केरी बंगालमध्ये निळीच्या कारखान्यावर हिशेब तपासत होते.

केरींनी हा बदल शांतपणे स्वीकारला हे खरे. पण डोरोथींना कोणी विचारले होते? त्यांचे दिवस भरत आले होते, पदरी लहान मुले होती, दोन मुली आधीच दगावल्या होत्या, आणि आपल्या परगण्याबाहेरचे जग त्यांनी फारसे पाहिलेले नव्हते. त्यांनी साफ नकार दिला. केरी थोरला मुलगा फेलिक्स याला घेऊन निघालेही. परंतु कंपनीच्या हद्दीत राहण्याचा परवाना त्यांच्याकडे नव्हता आणि थॉमस यांच्या मागे सावकार लागले होते. सुटण्यापूर्वीच दोघांना जहाजावरून उतरवण्यात आले. घरी परतल्यावर थॉमस यांनी डोरोथींना गाठले आणि आज आला नाहीत तर जन्मभर पस्तावाल, अशा अर्थाचे काहीतरी सुनावले. धाकटी बहीण सोबत येणार असेल तर येते, असे म्हणून डोरोथी तयार झाल्या. १३ जून १७९३ रोजी एका डॅनिश जहाजातून ही सगळी मंडळी निघाली आणि नोव्हेंबरमध्ये कोलकात्याला पोहोचली. अडवलेला प्रवास हा देवाचाच संकेत, कारण त्यामुळे संपूर्ण कुटुंब सोबत आले, असे केरी मानत. डोरोथींना काय वाटले, हे त्यांच्या हातचे वाचायला मिळणे शक्यच नाही.

बंगालमधील पहिली वर्षे हलाखीची गेली. थॉमस यांनी सोबतची रक्कम झपाट्याने संपवली. सुंदरबनात काही काळ काढल्यावर, १७९४ मध्ये केरींना मालद्याकडील मदनाबाटी येथे जॉर्ज उडनी या गृहस्थांच्या निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाचे काम मिळाले. त्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आमांशाने गेला. जातीच्या बंधनांमुळे त्याची कबर खणायलाही माणसे मिळेनात. या आघातानंतर डोरोथींचे मन ढळले ते पुन्हा सावरले नाही. नवऱ्यावर त्या भलतेसलते आरोप करू लागल्या, अंगावर धावून जाऊ लागल्या. पुढची सुमारे १२ वर्षे केरींनी आपली भाषांतरे शेजारच्या खोलीतील हा आक्रोश ऐकत केली. १८०७ च्या डिसेंबरमध्ये डोरोथी गेल्या, तेव्हा शेवटची काही वर्षे त्या जवळजवळ कोंडलेल्या अवस्थेत होत्या. केरींच्या चरित्रकारांपैकी अनेकांनी हे प्रकरण दोन परिच्छेदांत आटोपले आहे. ईश्वरी योजनेपुढे मान तुकवणारा माणूस म्हणून केरींची थोरवी सांगताना, त्या योजनेचा सर्वांत मोठा भार जिने उचलला तिने मान तुकवली होती की ती वाकवली गेली होती, हा प्रश्न टाळता येत नाही.

मदनाबाटीला केरी बंगाली आणि संस्कृत शिकले, ‘नव्या करारा’चे बंगाली भाषांतर पूर्ण केले, कोलकात्याहून लाकडी छापयंत्र आणवले. पण निळीचे पीक पुरात गेले, कारखाना बंद पडला. तरीही त्यांनी साठवलेल्या पैशांतून जवळच जमीन घेतली. इंग्लंडहून येणाऱ्या सहकाऱ्यांची तेथे वसाहत करायची, शेती करत एकत्र राहायचे, असा बेत आखला. हा बेतही मोडला. १७९९ च्या ऑक्टोबरमध्ये जोशुआ मार्शमन, विल्यम वॉर्ड वगैरे मंडळी आली खरी. परंतु कंपनी सरकार मिशनऱ्यांना आपल्या हद्दीत राहू देईना, म्हणून ती डॅनिश श्रीरामपुरात उतरली. तेथील गव्हर्नरने त्यांना आसरा दिला. आता पाच वर्षांची ओळख, घेतलेली जमीन, चालू झालेली शाळा हे सारे सोडून केरींनीच श्रीरामपूरला यावे, असे ठरले. त्यांना ते मनापासून नको होते. तरी १० जानेवारी १८०० रोजी ते छापयंत्रासह श्रीरामपुरात दाखल झाले. पुढची ३४ वर्षे, मरेपर्यंत, हेच त्यांचे गाव राहिले.

ज्या कामासाठी ते आले होते, त्या धर्मप्रसाराला सात वर्षांत एकही फळ आले नव्हते. २८ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल या सुताराचा हुगळीत बाप्तिस्मा झाला. याच कृष्ण पालचा निखळलेला हात थॉमस यांनी बसवला होता. इतक्या वर्षांची प्रतीक्षा संपल्याच्या आनंदाने थॉमस यांचे डोके फिरले आणि त्यांना एका खोलीत ठेवावे लागले. दुसऱ्या बाजूला डोरोथी ओरडत होत्या. या दोन आवाजांमधून नदीकाठी प्रार्थनागीत चालू होते. वॉर्ड यांनी आपल्या रोजनिशीत हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे.

१८०१ मध्ये केरींना फोर्ट विल्यम कॉलेजात बोलावणे आले. कंपनीच्या तरुण इंग्रज नोकरांना देशी भाषा शिकवण्यासाठी लॉर्ड वेलस्ली यांनी हे कॉलेज काढले होते. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेला चांभार तेथे बंगाली व संस्कृतचा शिक्षक झाला. पुढे मराठीही त्यांच्याकडे आली. पगार आधी महिना ५०० रुपये, नंतर १,००० रुपये. त्यातील बहुतेक रक्कम श्रीरामपूरच्या सामायिक निधीत जाई. मराठीची गरज कंपनीला का भासली, हे सांगायला नको. १८०३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांशी युद्ध पेटले होते आणि त्या मुलखात कारभार करणारे अधिकारी लागणार होते. केरींना शिकवायला पंडित वैजनाथ होते. त्यांच्या मदतीने आधी व्याकरण, मग शब्दकोश तयार झाला. व्याकरणातील मराठी देवनागरीत होती, शब्दकोशासाठी मोडीचे खिळे पाडण्यात आले. वैजनाथ पंडितांची ‘सिंहासन बत्तिशी’ १८१४ मध्ये, ‘हितोपदेश’ १८१५ मध्ये आणि ‘रघुजी भोसल्यांची वंशावळी’ १८१६ मध्ये याच छापखान्यातून बाहेर पडली. मराठी गद्याची छापील पुस्तके म्हणून आज अभ्यासक ज्यांकडे आस्थेने पाहतात ती ही पुस्तके. धर्मप्रसारासाठी निघालेल्या माणसाच्या यादीत बत्तीस पुतळ्यांच्या गोष्टी खासच नसणार.

आता १८१२ कडे यावे लागते. श्रीरामपूरचा छापखाना तोवर आशियातील मोठ्या छापखान्यांपैकी एक झाला होता. पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांनी कोरलेल्या ठशांवरून अनेक लिप्यांचे खिळे पडत होते. ११ मार्चच्या संध्याकाळी वॉर्ड कचेरीत हिशेब पाहत बसले असताना कागदाच्या कोठारातून धूर येताना दिसला. त्यांनी दारे-खिडक्या बंद करून, छतातून पाणी ओतून आग कोंडण्याचा प्रयत्न केला. काही तास ती कोंडलीही. परंतु कोणीतरी गडबडीत खिडकी उघडली, वारा आत शिरला आणि ज्वाळा भडकल्या. मध्यरात्रीपर्यंत छप्पर कोसळले. कागद, खिळे आणि हस्तलिखिते असे सुमारे १०,००० पौंडांचे नुकसान झाले. आग कशी लागली ते कधीच कळले नाही.

केरी त्या रात्री कोलकात्यात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मार्शमन यांनी जाऊन त्यांना बातमी सांगितली, तेव्हा बराच वेळ त्यांना शब्द सुचला नाही. पैशांचे नुकसान भरून निघणारे होते. संस्कृतला केंद्रस्थानी ठेवून भारतीय भाषांचा एक प्रचंड तुलनात्मक कोश ते वर्षानुवर्षे रचत होते; त्याची हस्तलिखिते गेली. तेलुगू आणि पंजाबी व्याकरणांचे कागद गेले. मार्शमन यांच्यासह चालवलेल्या रामायणाच्या इंग्रजी भाषांतराचे तीन खंड निघाले होते. पुढचे काम जळाले. विद्वान म्हणून जगाने आपल्याला ओळखावे, अशी इच्छा ज्या कामांत गुंतू शकली असती, नेमकी तीच कामे राख झाली.

केरींनी याचा अर्थ असाच लावला. आपल्या मनात कुठेतरी अहंकार शिरला असावा आणि देवाने तो जाळला, असे त्यांनी स्वतःलाच बजावले. पुढच्या रविवारच्या प्रवचनासाठी त्यांनी बायबलमधील असे स्तोत्र निवडले, ज्यात माणसाला शांत राहून देवाचे देवपण मान्य करण्यास सांगितले आहे. आपल्या संपत्तीचा हवा तसा विनियोग करण्याचा देवाला अधिकार आहे आणि आपण त्याला संमती देणे हे आपले कर्तव्य आहे, हे त्या प्रवचनाचे दोन मुद्दे होते.

परंतु ही शांती हात जोडून बसण्याची नव्हती. केरी परत येईपर्यंत वॉर्ड यांनी राखेत शोध घेऊन अक्षरांचे पोलादी ठसे शाबूत असल्याचे शोधून काढले होते. छापयंत्रेही वेगळ्या खोलीत असल्याने वाचली होती. वितळलेले शिसे गोळा करून नवे खिळे ओतण्याचे काम रात्रंदिवस सुरू झाले. जवळचेच एक गोदाम नुकतेच रिकामे झाले होते, तेथे नवा छापखाना मांडला गेला आणि थोड्याच महिन्यांत अनेक भाषांची छपाई पुन्हा चालू झाली. एकदा चाललेली वाट दुसऱ्यांदा चालताना सोपी जाते, असे सांगत केरी जळालेली भाषांतरे पुन्हा लिहायला बसले. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये बातमी पोहोचताच सुमारे दोन महिन्यांत नुकसानीइतकी रक्कम उभी राहिली. श्रीरामपूरचे नाव तेथे घरोघर पोहोचले ते या आगीमुळेच. मात्र सगळे परत आले नाही. तो महाकोश केरींनी पुन्हा हाती घेतला नाही आणि रामायणही तिसऱ्या खंडावर थांबले ते थांबलेच.

यानंतरची वर्षे सुखाची गेली असती तर कथेला बरे वळण मिळाले असते. फेलिक्स, ज्याला वडिलांनी लहानपणी सोबत आणले होते, तो ब्रह्मदेशात मिशनरी म्हणून गेला होता. १८१४ मध्ये इरावतीत त्याचे जहाज उलटून बायको-मुले बुडाली, छापयंत्रही गेले. पुढे तो ब्रह्मी राजाचा वकील म्हणून थाटामाटात कोलकात्याला आला. इतर कोणत्याही बापाला अभिमान वाटला असता. केरींना ती घसरण वाटली आणि या एका बाबतीत त्यांचा समंजसपणा कमी पडला, असे म्हणावे लागेल. फेलिक्स अखेर श्रीरामपूरला परतला, त्याने बंगालीत शरीरशास्त्रावर ग्रंथ लिहिला आणि १८२२ मध्ये तो वारला. त्याच्या आदल्या वर्षी केरींच्या दुसऱ्या पत्नी शार्लट निवर्तल्या होत्या. १८२३ मध्ये दामोदर नदीच्या पुराने त्यांचे घर आणि बाग उद्ध्वस्त केली. १८२७ मध्ये तर ज्या सोसायटीच्या जन्माला ते कारण झाले होते, तिच्याशीच मालमत्ता आणि अधिकारावरून फारकत झाली. केटरिंगचे सहकारी एव्हाना गेले होते; नव्या पिढीतील काहींनी श्रीरामपूरकरांनी माया जमवल्याचा संशयही घेतला. पगाराचा मोठा भाग आयुष्यभर सामायिक निधीत टाकणाऱ्याला हे लागले. १८३० नंतर कोलकात्याच्या मोठ्या पेढ्या एकामागून एक बुडाल्या आणि कॉलेजातील नोकरीही संपली.

भाषांतरांचे काय झाले? श्रीरामपूरने सुमारे ४० भाषांत बायबलचे पूर्ण वा अंशतः भाषांतर छापले. त्यांतील बरीचशी घाईची होती आणि केरींच्या हयातीतच ती मागे पडू लागली. मराठी भाषांतर मुंबईकडच्या वाचकांना परके वाटे, म्हणून अमेरिकन मिशनऱ्यांनी ते नव्याने केले. १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा शब्दकोश आल्यावर केरींचा कोशही कपाटात गेला. आपली भाषांतरे ही पुढच्यांनी सुधारायची पहिली प्रत आहे, हे केरी स्वतःच मान्य करत. मागे उरले ते देशी लिप्यांचे छापील वळण आणि बोलीभाषेचेही व्याकरण लिहिता येते हा भरवसा. सतीबंदीचा कायदाही त्यांच्या हातून गेला आहे. डिसेंबर १८२९ मध्ये बेंटिंक यांच्या कायद्याचा मसुदा बंगाली भाषांतरासाठी त्यांच्याकडे आला तो रविवारी. त्या दिवशी प्रवचन दुसऱ्यावर सोपवून, पंडिताला घेऊन, संध्याकाळपर्यंत त्यांनी भाषांतर पुरे केले. उशिराने एखादीचा जीव जाईल, ही त्यांची चिंता होती.

आणि बाग? ऊन सोसत नाही म्हणून लहानपणी ज्याची माळीकामाची आशा सुटली, त्याने बंगालच्या उन्हात श्रीरामपूरला कित्येक एकरांची बाग उभी केली. १८२० मध्ये भारतातील कृषी व उद्यानविद्या संस्था त्यांनी स्थापन केली. विल्यम रॉक्सबर्ग यांच्या भारतीय वनस्पतींवरील ग्रंथाचे संपादन केले. रॉक्सबर्ग यांनी एका वनस्पती-प्रजातीला (genus) ‘केरिया’ हे नाव दिले. आपल्या सह्याद्रीच्या जंगलात आढळणारा कुंभ्याचा वृक्ष त्याच प्रजातीतला. ज्यांनी महाराष्ट्र पाहिला नाही, त्यांचे नाव तो येथे बाळगून उभा आहे.

अखेरच्या काळात केरींनी मृत्युपत्र केले. शार्लटच्या शेजारी पुरावे, दगडावर नाव, तारखा आणि आयझॅक वॉट्सच्या स्तोत्रातील, स्वतःला क्षुद्र आणि असहाय म्हणवणारी ओळ असावी. त्याहून जास्त काही कोरू नये, अशी सूचना त्यात होती. चालणे थांबले, तेव्हा त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून बागेत फिरवत. मुले, ग्रंथ, संस्था, पैसा यांतील जे जे गेले ते त्यांनी मुकाट्याने जाऊ दिले होते. पण एके दिवशी मार्शमन भेटायला आले, तर केरी फार उदास दिसले. कारण विचारल्यावर त्यांनी सांगितले, की आपण गेल्यावर मार्शमन बागेत गाई सोडतील, याची त्यांना काळजी लागली होती. आपल्याला झाडांचा तेवढा नाद नसला तरी बाग ही पवित्र ठेव म्हणून सांभाळू, असे मार्शमन यांनी त्यांना आश्वासन दिले. ९ जून १८३४ रोजी पहाटे केरी गेले.